कोणाच्या वाट्याला किती धडका? : व्हर्जिनिया टेकच्या हेल्मेट लॅबची वाटचाल

२००३ च्या हंगामात व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या काही हेल्मेटांच्या अस्तरात सहा छोटे त्वरणमापक, एक बॅटरी आणि एक रेडिओ बसवण्यात आला. खेळाडूच्या डोक्याला धडक बसली, की मैदानाच्या कडेला ठेवलेल्या संगणकावर तिची नोंद उमटायची. असे संच जेमतेम आठ. तेच आलटून पालटून ३८ खेळाडूंनी वापरले. १० सामने आणि ३५ सराव संपले तेव्हा ३,३१२ धडका जमा झाल्या होत्या. त्यांचा सरासरी जोर निघाला ३२ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या बत्तीस पट. त्या हंगामात संच घातलेल्या एका खेळाडूला कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा, झाल्याचं निदान झालं. त्याच्या धडकेचा आकडा ८१ होता.

हा फुटबॉल अमेरिकेतला, अंडाकृती चेंडूचा आणि अंगावर धावून जाण्याचा. त्याच्या महाविद्यालयीन सामन्यांना जी गर्दी लोटते ती आपल्याकडे क्रिकेटखेरीज क्वचितच दिसते. व्हर्जिनिया राज्याच्या नैऋत्येला, ॲपलेशियन डोंगरांत वसलेल्या ब्लॅक्सबर्ग या छोट्या गावातल्या लेन स्टेडियममध्ये ६५,००० हून अधिक माणसं बसतात. अशा ठिकाणी खेळाडूंच्या हेल्मेटांना हात लावायचा तर प्रशिक्षक, संघाचे डॉक्टर आणि साहित्य सांभाळणारी मंडळी या सगळ्यांचा होकार लागतो. तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर यांनी तो दिला, आणि एका प्रयोगशाळेची मुहूर्तमेढ मैदानावर रोवली गेली.

या कामाचे सूत्रधार स्टीफन ड्यूमा. त्यांचा पिंड मोटार-अपघातात माणसाच्या शरीराचं काय होतं याचा अभ्यास करणाऱ्याचा. त्या शास्त्राची एक जुनी अडचण आहे. जिवंत माणसाचं डोकं प्रयोगासाठी आपटता येत नाही. मग पुतळे वापरायचे, नाहीतर मृतदेह, आणि त्यावरून जिवंत मेंदूचा अंदाज बांधायचा. इथे मात्र धडधाकट तरुण रोज दुपारी आपण होऊन एकमेकांवर आदळत होते. आधीपासून होतच असलेलं हे आदळणं फक्त मोजायचं होतं.

पास-नापासचा जमाना

त्याआधी मोजमाप नव्हतं असं नाही. या खेळाचा इतिहास मृत्यूंनी भरलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतके खेळाडू दगावत होते, की १९०५ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढे महाविद्यालयीन खेळांच्या ज्या नियामक संस्थेला एनसीएए हे नाव मिळालं तिची स्थापना या गदारोळातूनच १९०६ मध्ये झाली. १९६८ साली एका वर्षात ३६ खेळाडू मैदानावरच्या इजांनी मेले. मग १९६९ मध्ये क्रीडासाहित्याची मानकं ठरवणारी नॉक्सी ही संस्था उभी राहिली आणि १९७३ मध्ये हेल्मेटचं पहिलं मानक आलं. १९७६ मध्ये डोकं पुढे करून भाल्यासारखं घुसण्यावर बंदी आली. मृत्यू झपाट्याने घटले. १९९० साली तर खेळातल्या थेट इजेने एकही मृत्यू झाला नाही.

हे यश कवटी फुटू न देण्याचं होतं. मानकाची चाचणी हेल्मेट पास की नापास एवढंच सांगायची. आपल्याकडे दुचाकीचं हेल्मेट घेताना आयएसआयची खूण आहे की नाही एवढंच पाहतात, तसं. दोन पास झालेल्या हेल्मेटांमधलं बरं कोणतं, याचं उत्तर त्यात नव्हतं. कवटी शाबूत राहूनही आतला मेंदू हेलकावे खातो, त्याची तर नोंदच नव्हती.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे संघ-डॉक्टर स्टीफन रीड यांनी १९६० च्या दशकात एका खेळाडूच्या हेल्मेटात रेडिओ बसवून धडका टिपल्या होत्या. कल्पना काळाच्या पुढची होती, पण त्या वेळच्या यंत्रांनी एका डोक्याच्या पलीकडे मजल मारणं अवघड होतं. ते जमलं न्यू हॅम्पशायरमधल्या लेबनन गावच्या सिंबेक्स या छोट्या कंपनीला. रिचर्ड ग्रीनवाल्ड यांच्या या कंपनीने राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अर्थसाहाय्याने ‘हिट्स’ ही यंत्रणा तयार केली.

तिची मेख साधी आहे. हेल्मेट आणि डोकं एकत्र हलत नाहीत. धडकेत हेल्मेट डोक्यावर सरकतं. मापक हेल्मेटाच्या कवचाला चिकटवला तर तो कवचाचा धक्का सांगेल, डोक्याचा नाही. म्हणून हिट्समधले सहाही मापक स्प्रिंगच्या आधाराने डोक्याच्या त्वचेला टेकून राहतात. धडकेचा जोर ठरलेल्या रेषेवर गेला की आधीचे ८ आणि नंतरचे ३२, असे ४० सहस्रांश सेकंद जपून ठेवले जातात. सहा वाचनांवरून डोक्याच्या मध्यावर किती जोर आला, ठोका समोरून, मागून, बाजूने की माथ्यावर बसला, हे गणिताने काढता येतं. प्रत्येक संचाला ओळख-क्रमांक असल्यामुळे धडक कोणाची हेही कळतं. आणि कोणाची हे कळलं, की तो खेळाडू कोणत्या जागेवर खेळतो हेही आलंच.

सरासरी फोडली तेव्हा

पहिल्या वर्षाचा ३२ हा आकडा खूप गाजला. पण सरासरी सगळ्यांना एका रांगेत उभं करते, आणि या खेळात सगळे एका रांगेत कधीच नसतात.

चेंडू खेळात येण्याआधीचा क्षण पाहा. पाच ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि त्यांच्या बाहेर टॅकल, ओणवे होऊन बसलेले. बहुतेकांचा एक हात जमिनीला टेकलेला. समोर हाताच्या अंतरावर प्रतिस्पर्ध्यांची डिफेन्सिव्ह लाइन, तशीच दबा धरून. सेंटरने दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हाती दिला, की दोन्ही फळ्या एकमेकींवर तुटून पडतात. पहिल्याच पावलाला कपाळं भिडतात. वेग घ्यायला अंतरच नसल्यामुळे या धडका प्रचंड नसतात, पण चुकतही नाहीत. चेंडू कुठेही जावो, लाइनमनच्या वाट्याला ठोका ठरलेला. प्रेक्षकांचे डोळे आणि कॅमेरे तोवर चेंडूमागे निघून गेलेले असतात.

याउलट, कडेला लांब उभा असलेला वाइड रिसीव्हर. कित्येक डावांत त्याला कोणी शिवतही नाही. पण पूर्ण वेगात धावताना हवेतला चेंडू झेलायला तो वर उडतो आणि तेव्हाच दुसऱ्या दिशेने तितक्याच वेगात आलेला डिफेन्सिव्ह बॅक त्याला धडकतो. स्टेडियम एकदम श्वास रोखतं ते अशा धडकेला. चेंडू घेऊन गर्दीत घुसणाऱ्या रनिंग बॅकवर चहूबाजूंनी माणसं कोसळतात. आणि क्वार्टरबॅक पुढे कोणाकडे फेकायचं हे शोधत असताना मागून धरला जातो आणि पाठीवर आपटतो.

हा फरक खेळणाऱ्या प्रत्येकाला अंगाने ठाऊक होता. आकड्यांत तो प्रथम ठसठशीत मांडला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या गटाने. केव्हिन गुस्कीविच आणि त्यांचे सहकारी जेसन मिहालिक यांनी तीच यंत्रणा आपल्या संघावर वापरली. २००७ मध्ये ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला : ७२ खेळाडू, दोन हंगाम, ५७,०२४ धडका आणि त्यांची जागेनुसार व प्रसंगानुसार विभागणी. ८० जीच्या वरची जबर धडक बसण्याची शक्यता लाइनमन, डिफेन्सिव्ह लाइनच्या मागे उभे राहणारे लाइनबॅकर, रिसीव्हर अशा सगळ्यांपेक्षा ऑफेन्सिव्ह लाइनच्या मागे उभ्या राहणाऱ्या ऑफेन्सिव्ह बॅकना जास्त होती. दुसरा निष्कर्ष प्रशिक्षकांच्या पचनी पडायला जड होता. अंगावर खांदेकवचं नसताना, फक्त हेल्मेट घालून केलेल्या ‘हलक्या’ सरावातल्या धडका सरासरीने सामन्यांतल्या धडकांपेक्षा जोरदार निघाल्या.

याच गटाने त्याच वर्षी १३ कन्कशनचा अभ्यास छापला. ज्या धडकांनी ती झाली त्यांचा जोर सुमारे ६० जीपासून १६९ जीपर्यंत पसरलेला होता. मोठ्या आकड्याच्या खेळाडूला त्रास जास्त, असंही दिसलं नाही. अमुक आकड्याच्या वर गेलं की खेळाडूला बाहेर काढायचं, अशी लक्ष्मणरेषा मिळेल ही आशा तिथेच मावळली.

मग प्रश्नच बदलला. एका मोठ्या धडकेचा पाठलाग करण्याऐवजी वर्षभराच्या सगळ्या धडकांची बेरीज मांडायची, आणि तीही एकेका खेळाडूची. व्हर्जिनिया टेक, ब्राऊन आणि डार्टमथ या तीन विद्यापीठांनी त्यासाठी हात मिळवले. ब्राऊनच्या जोसेफ क्रिस्को यांच्या पुढाकाराने २०११ मध्ये निघालेल्या निबंधात २००७ ते २००९ या तीन हंगामांतले ३१४ खेळाडू आणि २,८६,६३६ धडका होत्या. खेळाडूमागे एका हंगामातल्या धडकांचा मध्यक ४२० होता. सर्वाधिक आकडा २,४९२. म्हणजे निम्म्या खेळाडूंना ४२० पेक्षा कमी धडका, आणि त्याच खेळात, तेच हेल्मेट घालून कोणीतरी त्याच्या जवळजवळ सहा पट सोसत होता.

तो कोणत्या जागेवरचा असेल याचं उत्तरही आकड्यांत होतं. दोन्ही बाजूंचे लाइनमन आणि लाइनबॅकर यांना इतर कोणत्याही जागेच्या दुपटीहून अधिक वेळा धडका बसत होत्या. जोराच्या हिशेबात मात्र रनिंग बॅक आणि क्वार्टरबॅक वरचढ होते. ठोका बसण्याची जागाही वेगळी : लाइनमनचा बहुतांशी कपाळावर, क्वार्टरबॅकला इतरांच्या तुलनेत डोक्याच्या मागच्या बाजूला अधिक.

डोकं सरळ रेषेत किती हललं एवढंच पाहून भागत नाही, ते किती वळलं हेही पाहावं लागतं. मेंदूतले नाजूक तंतू ताणले जातात ते प्रामुख्याने वळण्याने. ड्यूमा यांचे विद्यार्थी स्टीव्हन रोसन यांनी त्यासाठी बारा मापकांचा नवा संच बांधला आणि २००७ च्या हंगामात तो व्हर्जिनिया टेकच्या दहा लाइनमनच्या हेल्मेटांत बसवून १,७१२ धडका टिपल्या. पुढे हेच रोसन लॅबचे संचालक झाले.

मैदानातून मनोऱ्यावर

जमलेल्या नोंदींचं करायचं काय? लॅबने दिलेलं उत्तर तिला घराघरांत घेऊन गेलं. पुतळ्याचं डोकं हेल्मेटमध्ये घालून मनोऱ्यावरून लोखंडी आधारावर आपटायचं ही जुनी पद्धत होती. लॅबने तिला मैदानाचा हिशेब जोडला. पाच उंची, डोक्याच्या चार बाजू, प्रत्येक ठिकाणी दोन धडका आणि एकाच नमुन्याची तीन हेल्मेटं, अशा १२० चाचण्या. मग मैदानावरच्या नोंदींवरून प्रत्येक चाचणीला वजन द्यायचं. कमी उंचीच्या धडका हंगामात शेकड्यांनी बसतात, सर्वांत उंचावरच्या मोजक्याच. एका हंगामात १,००० धडका सोसणाऱ्या काल्पनिक खेळाडूला कन्कशनचा धोका किती, असा एक आकडा त्यातून काढला आणि त्यावरून तारे दिले.

‘स्टार’ नावाची ही पहिली यादी मे २०११ मध्ये जाहीर झाली. दहा हेल्मेटांपैकी पाच तारे मिळाले एकाच नमुन्याला. त्या काळी भरपूर वापरात असलेल्या रिडेल कंपनीच्या व्हीएसआर-४ ला एकच तारा मिळाला, तर एका हेल्मेटपुढे ‘शिफारस नाही’ असा शेरा पडला. ही सगळी हेल्मेटं मानकाप्रमाणे पास होती. त्यांच्यातली दरी लोकांना प्रथमच दिसली. लॅबने हेल्मेटं बाजारातून घेतली आणि यादीसाठी कारखानदारांचा पैसा घेतला नाही, म्हणून तिच्या शब्दाला वजन आलं.

तारे प्रत्यक्षात उपयोगी पडतात का, याचा पडताळा २०१४ मध्ये मिळाला. आठ महाविद्यालयांतले १,८३३ खेळाडू, २००५ ते २०१० चे हंगाम आणि १२,८१,४४४ धडका तपासल्यावर व्हीएसआर-४ मध्ये लाख धडकांमागे ८.३७ कन्कशन आढळली, तर त्याच कंपनीच्या रिव्होल्यूशनमध्ये ३.८६. निम्म्याहून अधिक घट. एकूण कन्कशन होती ६४. धोका घटला होता, संपला मात्र नव्हता.

२०१५ मध्ये लॅबने आइस हॉकीच्या हेल्मेटांना तारे दिले, तेव्हा एकालाही चार किंवा पाच मिळाले नाहीत. २०१८ मध्ये सायकलच्या हेल्मेटांची पाळी आली. त्याच सुमारास फुटबॉलची चाचणीही बदलली : मनोऱ्याऐवजी लोलकाचा ठोका, आणि सरळ जोरासोबत वळण्याचा जोरही हिशेबात.

टीकेची बाजू

इतकी प्रसिद्धी मिळाल्यावर टीका येणारच होती, आणि ती वावगी नव्हती. हिट्सच्या सरासऱ्या पुतळ्यावरच्या मोजणीशी जुळत, पण एकेकट्या धडकेत चूक मोठी असू शकते, हे वेन स्टेट विद्यापीठाच्या चाचण्यांत दिसलं. हेल्मेट ढिलं असेल तर मापक डोक्याला नीट टेकत नाही आणि आकडा भरकटतो. धडकांची संख्याही कुठून मोजायला सुरुवात केली त्यावर ठरते. १० जीपासून मोजलं तर एक, १४ पासून मोजलं तर दुसरी. त्यामुळे दोन विद्यापीठांचे आकडे शेजारी ठेवताना सावध राहावं लागतं.

व्यवहाराचाही प्रश्न होता. हिट्स बसायची रिडेलच्या हेल्मेटांत, आणि २०१४ च्या तुलनेतली दोन्ही हेल्मेटं त्याच कंपनीची होती. ताऱ्यांबद्दलही आक्षेप असा, की एक हजार धडकांचा तो काल्पनिक खेळाडू प्रत्यक्षात कोणत्याच जागेवर खेळत नाही. रिसीव्हरसाठी हा आकडा फार मोठा, काही लाइनमनसाठी अपुरा. म्हणजे जागेवार हिशेबाने फोडलेली सरासरी गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी पुन्हा उभी राहिली होती. एका वाक्यात सांगता येईल अशी खूण लोकांना हवीच असते. पण पाच तारे पाहून आईबापांनी निर्धास्त होणं, हा या मोजमापाचा अर्थ कधीच नव्हता.

सराव नावाचा अर्धा खेळ

लॅबचा सर्वांत दूरगामी धडा हेल्मेटचा नव्हताच. तो वेळापत्रकाचा होता.

२०११ च्या हंगामात लॅबने सात-आठ वर्षांच्या सात मुलांच्या हेल्मेटांत मापक बसवले. ७४८ धडका नोंदल्या गेल्या, म्हणजे मुलामागे सरासरी १०७. मुलं छोटी, वजन कमी, वेग कमी, म्हणून धडका किरकोळ असणार हा समज खोटा ठरला. त्यातल्या काही मोठ्यांच्या तोडीच्या होत्या. आणि जोरदार धडकांपैकी बहुतेक सामन्यात नव्हे, सरावात बसल्या होत्या. २०१२ च्या जूनमध्ये पॉप वॉर्नर या मुलांच्या फुटबॉलच्या राष्ट्रीय संघटनेने शारीरिक भिडंतीचा वेळ सरावाच्या एकूण वेळेच्या एक-तृतीयांशावर आणला आणि तीन यार्डांहून जास्त अंतरावरून समोरासमोर धावत येऊन भिडण्याचे सराव बंद केले. अनेक नियम मृत्यूनंतर बदलतात. हा एका मोजणीनंतर बदलला.

मोजणीतल्या भागीदार डार्टमथमध्ये प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी तर २०१० मध्येच खेळाडूंनी सरावात एकमेकांना टॅकल करणं थांबवलं होतं. त्याऐवजी पुतळे आले, आणि २०१५ पासून तिथल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी बनवलेला, मैदानभर पळणारा दूरनियंत्रित यांत्रिक पुतळा. संघ कच्चा पडेल असं म्हणणाऱ्यांना २०१५ च्या निकालाने उत्तर दिलं. डार्टमथने त्या वर्षी आपल्या गटाचं, आयव्ही लीगचं, विजेतेपद दोन संघांसोबत वाटून घेतलं. २०१६ मध्ये संपूर्ण आयव्ही लीगने हंगामातल्या सरावांतून टॅकलिंग काढून टाकलं. त्याच वर्षी किकऑफची (लाथेने चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे धाडण्याच्या डावाची) रेषा ३५ यार्डांवरून ४० वर नेली, म्हणजे चेंडू बहुधा मैदानापार जावा आणि दोन्ही संघांनी पूर्ण वेगात समोरासमोर धावायची वेळच येऊ नये. किकऑफच्या हजार डावांमागे जवळपास ११ कन्कशन होत, ती दोनवर आली.

२०१४ मध्ये एनसीएए आणि अमेरिकी संरक्षण खात्याने मिळून ‘केअर’ हा मोठा अभ्यास हाती घेतला. त्यातल्या सहा विद्यापीठांच्या फुटबॉल संघांनी २०१५ ते २०१९ हे हंगाम मापक घालून काढले, आणि व्हर्जिनिया टेक त्यांतलं एक होतं. २०२१ मध्ये आलेले आकडे असे : ६५८ खेळाडू, ५,२८,६८४ धडका, ६८ कन्कशन. धडकांपैकी ६६.९ टक्के सरावातल्या. कन्कशनपैकी ७२ टक्के सरावातली. हंगामाआधीचं शिबिर एकूण काळाचा जेमतेम पाचवा भाग, पण जवळजवळ निम्मी कन्कशन तिथलीच.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात एनसीएएने शिबिरातल्या पूर्ण कवचांच्या सरावांवर नऊची मर्यादा घातली. चिंचोळ्या पट्ट्यात दोघांना समोरासमोर उभं करून भिडवणारी ‘ओक्लाहोमा’ आणि एकाला मध्ये उभं करून चहूबाजूंनी अंगावर जाण्याची ‘बुल इन द रिंग’ या जुन्या तालमी बंद झाल्या. पोरं घडतात ती याच तालमींत, असं मानणारी एक अख्खी पिढी होती. तिच्यासमोर वैद्यकीय उपदेश टिकला नसता, टक्केवारी टिकली.

जागेनुसार कवच, जागेनुसार इतिहास

जागेवार हिशेबाची फळं उशिरा, पण एकदम लागली. व्यावसायिक एनएफएलने २०२२ च्या सराव-शिबिरांत हेल्मेटवर चढवायची मऊ टोपी सक्तीची केली, ती सरसकट सगळ्यांना नव्हे, तर लाइनमन, लाइनच्या टोकाला उभे राहणारे टाइट एंड आणि लाइनबॅकर यांना. वारंवार धडका सोसणारे हेच, हे महाविद्यालयीन मोजणीने दहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. पुढच्या वर्षी रनिंग बॅकांचीही भर पडली. २०२१ पासून लाइनमनसाठी पुढून जास्त जाड हेल्मेट निघालं, २०२३ मध्ये क्वार्टरबॅकसाठी मागून जास्त जाड. एकच नमुना सगळ्या डोक्यांना पुरेल हा समज मोडीत निघाला.

मापकानेही आपली जागा बदलली. हेल्मेटातून तो दातांच्या कवचात आला. वरचे दात कवटीला घट्ट असतात, हेल्मेटसारखे सरकत नाहीत. एनएफएलने २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना, वॉशिंग्टन, अलाबामा आणि विस्कॉन्सिन या विद्यापीठांच्या संघांसोबत असं मोजमाप सुरू केलं.

या साऱ्या नोंदींचा सर्वांत गंभीर उपयोग मात्र बॉस्टनमध्ये झाला. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर माइक वेबस्टर याच्या मेंदूत सीटीई हा ऱ्हास-विकार आढळल्याचं डॉ. बेनेट ओमालू यांनी २००५ मध्ये छापलं, तेव्हापासून एक कोडं होतं. ज्यांना कन्कशन झाल्याची नोंदच नाही अशांच्याही मेंदूत हा विकार कसा? २०२३ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी हेल्मेट-मापकांचे ३४ प्रकाशित अभ्यास एकत्र करून एक तक्ता बांधला : कोणत्या स्तरावर, कोणत्या जागेवर, हंगामाला साधारण किती धडका आणि किती जोराच्या. मग मृत्यूनंतर मेंदूदान झालेल्या ६३१ फुटबॉलपटूंचा खेळ-इतिहास त्या तक्त्यावर ठेवला. ज्यांच्या आयुष्यात कोणी मापक लावलाच नव्हता, त्यांच्या धडकांचा अंदाज त्यांच्या जागेवरून काढता आला. निदान झालेल्या कन्कशनची संख्या विकाराशी जुळली नाही. धडकांच्या जोराची आयुष्यभराची बेरीज जुळली. मेंदूदान बहुधा त्रास झालेल्यांच्या घरूनच होतं, त्यामुळे हे आकडे सगळ्या खेळाडूंना जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण बोट कुठे दाखवायचं ते या अभ्यासाने पक्कं केलं : गाजणाऱ्या एका धडकेकडे नाही, न दिसणाऱ्या हजारोंकडे.

आठ संचांनिशी सुरू झालेल्या लॅबची ओळख आज ताऱ्यांमुळे आहे आणि दुकानात हेल्मेट निवडताना ती कामाचीही आहे. तरी तिच्या आणि तिच्या सहप्रवासी विद्यापीठांच्या वाटचालीतलं टिकाऊ काम कोणतं, असं विचारलं तर उत्तर नोंदवही हेच द्यावं लागेल. तिच्यात जागेचा रकाना नसता, तर लाइनमन ३२ च्या सरासरीखाली दबून गेला असता. सराव आणि सामना हा रकाना नसता, तर सगळा दोष प्रतिस्पर्ध्यावर गेला असता. सामन्यात समोरचा किती जोरात येणार हे कोणाच्या हाती नसतं. सरावात समोर आपलाच माणूस असतो, आणि तो किती वेळा अंगावर यावा हे प्रशिक्षक ठरवतो. तीनपैकी दोन धडका जिथे बसतात ती जागा आपल्याच वेळापत्रकात आहे, हे या वीस वर्षांनी दाखवून दिलं. नवं हेल्मेट यायला वर्षं लागतात. वेळापत्रक पुढच्या सोमवारपासून बदलता येतं.